पंचनाम्यात कच्चं घर

ऑगस्ट २०१९. भोगावती नदीचं पाणी उतरून तीन दिवस झाले होते, तरी गावात गाडी जात नव्हती. फाट्यावर मोटरसायकल लावली आणि चपला हातात घेऊन चालत निघालो. आई आधीच मामाच्या गावी सुखरूप पोचली होती, त्यामुळं माणसांचा घोर नव्हता. घराबद्दल अण्णा, म्हणजे माझे धाकटे चुलते, फोनवर दोनच शब्द बोलले होते. "घर पडलं."

मारुतीच्या देवळापाशी वळलो तर छप्पर दिसलं. कौलं जागच्या जागी, आढं सरळ. म्हटलं, अण्णा कुणाच्या घराबद्दल बोलले? चार पावलं पुढं गेल्यावर उलगडा झाला. छप्पर होतं, माडी होती, माडीच्या खिडकीत आजीची पितळी कळशीसुद्धा होती. भिंती तेवढ्या नव्हत्या. तीन बाजूंच्या भिंती भिजून, बसकण मारल्यागत खाली आल्या होत्या आणि अठरा खांबांवर सगळा डोलारा तसाच उभा होता. रस्त्यावरून थेट देवघर दिसत होतं. मला कसंसंच झालं. आंघोळ करणाऱ्या माणसासमोर चुकून जाऊन उभं राहावं तसं.

पंचनाम्याला आलेल्या भाऊसाहेबांनी चिखलातच उभं राहून लिहून घेतलं: कच्चे घर, पूर्ण पडझड. मी म्हटलं, "अहो, छप्पर उभं आहे की." ते म्हणाले, "भिंती पडल्या म्हणजे घर पडलं. कागदावर खांबाला कुठं जागा आहे?" माणूस वाईट नव्हता, चार दिवस झोपलेला नव्हता. दोन घरं सोडून एक स्लॅबचं घर होतं, सात-आठ वर्षांपूर्वीचं. पाण्यानं जोत्याखालचा भराव ओढून नेला आणि त्याचा एक कोपरा वीतभर खचला होता. त्याच्यापुढं मात्र 'पक्के' असं लिहिलं गेलं.

मी कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात छोटं मशीन शॉप चालवतो. शाफ्ट बेअरिंगमध्ये किती घट्ट बसावा, यावर माझं पोट चालतं. तरी ज्या घरात जन्मलो, ते भिंतींवर उभं नाही हे पन्नाशीपर्यंत मला कळलं नव्हतं.

आमच्याकडं जुनी घरं खणांत मोजायची. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे एक खण. आमचं घर पाच खणी. सोप्याच्या, म्हणजे पुढच्या पडवीच्या, तोंडाला सहा खांब, सोपा आणि माजघर यांच्या मधल्या ओळीत सहा, मागच्या भिंतीलगत सहा. मधले उंच, त्यांच्यावर आढं. खांबांच्या माथ्यावर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर पाट, पाटांवर मातीचा थर. ती झाली माडीची जमीन. वर वासे, रिपा, कौलं. हे सगळं वजन लाकडातून लाकडात उतरत उतरत खांबाच्या बुडाखालच्या दगडावर, तळखड्यावर, येतं. भिंत हातभर जाडीची, पांढऱ्या मातीची. ती ऊन, वारा आणि चोर अडवायला. छपराचा भार तिच्यावर नाही.

आजी कोयनेच्या भूकंपाची गोष्ट सांगायची. ११ डिसेंबर १९६७ची पहाट. घर बैलगाडीगत कुरकुरलं, मागची भिंत खांबांपासून चार बोटं सुटली, कोनाड्यातली रॉकेलची चिमणी पडली. सकाळी आजोबांनी त्या फटीत माती कोंबली आणि मळ्यात गेले. आम्ही ती आजोबांच्या बेफिकिरीची गोष्ट म्हणून ऐकायचो. खरं तर त्यांना घर कसं उभं आहे ते ठाऊक होतं.

दिवाळीनंतर जुन्या लाकडाचा एक व्यापारी आला. असे लोक पुरानंतर गावोगाव फिरतात. खांब, तुळया, गणेशपट्टीची चौकट, कडीपाट, सगळ्याचे उक्ते पाच लाख देतो म्हणाला. माल कुठल्या तरी रिसॉर्टला जाणार होता. अण्णांचं मन झालं होतं. त्यांचंही चूक नाही. पाच लाखांत स्लॅबच्या दोन खोल्या सुरू तरी होतात. आई सोप्यात निवडणं घेऊन बसली होती. मान वर न करता म्हणाली, "खांब विकल्यावर छप्पर कशावर ठेवायचं? माझ्या डोक्यावर?" विषय तिथंच संपला. निदान त्या दिवसापुरता.

मिळालेली मदत ताडपत्री, टेकू आणि नीलगिरीच्या बल्ल्या यांत संपली. मग मार्चमध्ये लॉकडाऊन लागलं. शॉप बंद. मी गावात येऊन राहिलो आणि करायला काही नाही म्हणून घर मोजायला घेतलं.

मोजमाप घेताना घर बघणं आणि घरात राहणं यात फार फरक आहे. टॉर्च लावून प्रत्येक सांधा बघितला. खांबाच्या माथ्याला कुसू काढलेलं, ते वरच्या तुळईच्या खाचेत गेलेलं, आणि आडवी लाकडी खुंटी मारून बंद केलेलं. सांध्यात लोखंडाचा एक खिळा नाही. खाचेच्या तोंडाशी पटाशीनं ओढलेल्या रेघा होत्या. एक रेघ, दोन रेघा, मग फुली, फुलीला एक रेघ. लहानपणी मला वाटायचं कुणीतरी पोरानं कोरलंय. खांबावर तीन रेघा असतील तर वरच्या तुळईच्या खाचेजवळही तीनच. म्हणजे हे सगळं खाली जमिनीवर तासून, जुळवून, खुणा करून मग वर चढवलेलं. आमच्या शॉपमध्ये असेंब्लीच्या पार्टांवर आम्ही पंच मारतो, तेच. देवघराच्या कोपऱ्यापासून मोजायला सुरुवात, आणि उजवीकडून फेरी. त्या सुताराचं नाव कुणाला माहीत नाही. त्याची मोजायची सवय मात्र मला कळली.

वाश्यांवर खिळ्यांच्या भोकांच्या दोन वेगळ्या ओळी सापडल्या. एक फूटभराच्या अंतराची, आताच्या मंगलोरी कौलांच्या रिपांची. दुसरी तिच्याहून दाट आणि वेडीवाकडी. म्हणजे आधी वर कुंभाराची नळीची कौलं होती. एका मंगलोरी कौलाच्या पोटात बासेल मिशनचा छाप आणि १८६५ आकडा निघाला, तेव्हा आमचा आतेभाऊ घर दीडशे वर्षांचं झालं म्हणून गावभर सांगत सुटला. १८६५ हे मंगळूरचा तो कारखाना सुरू झाल्याचं साल. कौल पुढं कधीही पाडलेलं असेल. त्याला हे सांगितलं, पण तो अजून दीडशेच सांगतो.

खरी अडचण माणूस शोधायची होती. आर्किटेक्ट मिळाले, ठेकेदारही मिळाले. एकानं भिंतीच्या जागी काँक्रीटचे कॉलम उभे करून लाकूड 'शोसाठी' ठेवू म्हणून सुचवलं. शेवटी भुदरगडाकडचे एक सुतार कळले. सत्तरी ओलांडलेले, सगळे तात्या म्हणतात. घरांची कामं सोडून पंधरा वर्षं झालेली; ट्रॉलीच्या फळ्या आणि दारं करत होते.

तात्या आले ते नक्षीकडं बघितलंच नाही. सोप्यात उकिडवे बसले आणि स्क्रू ड्रायव्हरनं खांबाच्या बुडाशी फरशी टोकरू लागले. मग विचारलं, "दादा, तळखडं कुठं हाईत?"

मला सांगता येईना. आई म्हणाली, "ह्यांनी फरशी घातली तवा खाली गेलं असतील."

१९८७ साली आमच्या आबांनी, म्हणजे वडिलांनी, हौसेनं काम काढलं होतं. शेणाची जमीन काढून भराव, त्यावर सिमेंटचा कोबा, त्यावर शहाबादी. भिंतींना बाहेरून सिमेंटचा गिलावा. शेजारपाजारचे बघायला आले होते. मला तो दिवस आठवतो. नव्या फरशीवर मी घसरगुंडी खेळलो होतो.

तात्यांनी ते सगळं एका वाक्यात निकालात काढलं. "घराला रेनकोट घातला, दादा, पर आतनं घाम जायाला वाट न्हाई ठेवली." जुना खांब दगडावर उभा असतो तो जमिनीच्या वर, वीतभर. जमिनीची ओल दगडापर्यंत येते, तिथं हवेवर सुकते, लाकडापर्यंत पोचत नाही. वाळवीला वर चढायचं तर दगडावरून माती ओढत यावं लागतं आणि ते लगेच दिसतं. आम्ही तो दगडच पुरला. खांबाचे पाय सिमेंटच्या चिखलात रुतले आणि बत्तीस वर्षं ओल पीत उभे राहिले. भिंतींचंही तेच. मातीची भिंत पावसाळ्यात ओलावा घेते आणि उन्हाळ्यात सोडते. सिमेंटच्या गिलाव्यानं ती वाट बंद झाली, भिंत पोटातून मऊ झाली. नंतर पूर आला.

आईपुढं हे बोलायला नको होतं. ती उठून आत गेली आणि थोड्या वेळानं चहा घेऊन आली. आबांबद्दल कुणी काही बोललं नाही.

काम संक्रांतीनंतर सुरू झालं, जानेवारी २०२१. पहिल्यांदा कौलं उतरवून परसात रचली. छपराचं ओझं कमी केल्याशिवाय खांबाला हात लावायचा नाही. मग फरशी फोडली. अठरापैकी चौदा तळखडे पुरलेले निघाले, काळ्या दगडाचे, चारी अंगांनी घडवलेले. अकरा खांबांचं बूड कुजलेलं होतं. बाहेरून अंगठा दाबला की पोह्यागत भुगा. हातभर वर मात्र करवत चालवताना सागाचा तोच वास, तेलकट. एक खांब वाळवीनं आतून नळी केला होता, तो सबंध बदलावा लागला.

"ह्याला नवं पाऊल घालायचं," तात्या म्हणाले. मी याआधी कुठलं काम एवढं लक्ष देऊन बघितलं नसेल. एका वेळी एकच खांब. त्याच्या दोन्ही बाजूंना तुळईखाली बल्ल्यांचे टेकू, टेकूखाली ट्रकचे बाटली जॅक. माझ्या शॉपमधले दोन, गॅरेजवाल्याकडून मागितलेले दोन. तात्यांचं माप सुतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. दिवसाला दोन सूत उचलायचं, त्याहून जास्त नाही. मी मायक्रॉनमध्ये काम करणारा माणूस. पहिल्या दिवशी मला हसू आलं. दुसऱ्या दिवशी जॅक जरा जास्त दाबला गेला आणि माडीवरून असा आवाज आला की हाताखालची दोन पोरं अंगणात पळाली. तात्या हलले नाहीत. म्हणाले, "सावकाश. वाकायला तीस वरसं लागल्यात त्येला."

घर पूर्वेकडं तीन इंच कललेलंही होतं. मला ओळंब्यात आणायचंच होतं, साखळी-कप्पीसुद्धा आणली होती. तात्यांनी दोन इंच ओढू दिलं आणि तिथं हात धरला. वरचे सांधे त्या कलाला बसलेत, आता शेवटचा इंच ओढला तर कुसू तुटेल. मी बराच वाद घातला. तो एक इंच अजून तसाच आहे आणि माडीवर गोटी टाकली तर पूर्वेला जाते.

कुजका भाग कापून वरच्या निरोगी लाकडाला लांब तिरपा काप द्यायचा, नव्या तुकड्याला त्याच्या उलटा काप, दोन्ही एकमेकांवर बसवून आरपार दोन खुंट्या आणि मध्ये पाचर. वजन जितकं येईल तितका सांधा घट्ट होतो. पहिलं पाऊल घालायला चार दिवस लागले, शेवटचं दीड दिवसात झालं. नवं लाकूड चालणार नव्हतं. हिरवं लाकूड सुकताना आक्रसतं आणि सांधा सुटतो. जुना, पुरा मुरलेला साग हवा होता. तो कुठं मिळतो? जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याकडं. खांब विकायला नाही म्हटलं आणि दीड वर्षानं त्याच माणसाकडं लाकूड विकत घ्यायला गेलो. त्यानं मागचं काही काढलं नाही, भाव मात्र जुनाच लावला, म्हणजे चढा. कुठल्या तरी मोडलेल्या वाड्याची तुळई आमच्या अकरा खांबांचे पाय झाली. त्या तुळईवर केळफुलाचं अर्धं कोरीव उरलं होतं. तात्यांनी तो तुकडा मुद्दाम माजघराच्या खांबाला लावला, फूल खाली डोकं करून आहे.

भिंतींच्या वेळी गवंडी आणि तात्या यांचं जुंपलं. गवंड्याला खांब भिंतीत घट्ट धरायचे होते. तात्या म्हणत होते, भिंतीनं खांबाला मिठी मारायची नाही, दोन बोटं लांब राहायचं. भिंत भिजली तर तिची ओल खांबाला नको, आणि उद्या धरणी हलली तर दोघांनी आपापलं हलावं. आजीची चार बोटांची फट मला आठवली. तात्या जिंकले.

जोत्यापासून तीन फूट काळा दगड, चुन्यात. त्यावर कच्च्या विटा, पडलेल्या भिंतींच्याच मातीच्या. दीड वर्ष ढिगात पडलेली माती भिजवली, त्यात भाताचं काड घालून पायांनी तुडवली. आईनंसुद्धा पदर खोचून अर्धा तास तुडवली, मग गुडघा धरून बसली. कळीचा चुना खड्ड्यात विरवून महिनाभर पाण्याखाली ठेवला होता. गवंड्यानं बेलफळाचा गर, हिरड्याचं पाणी आणि गुळाचं पाणी घालायला सांगितलं. आमच्याकडं गुळाला काय तोटा? गुऱ्हाळावरचा काळा, न विकला गेलेला गूळ पोत्यानं आणला आणि उत्साहात दुप्पट घातला. चार दिवस गिलावा घट्ट होईना, आणि पाचव्या दिवशी उत्तरेच्या भिंतीवर वारुळ चालल्यासारख्या मुंग्या. तो सगळा खरवडून काढावा लागला. गवंडी महिनाभर मला 'गुळाचे शेठ' म्हणत होता.

एप्रिलमध्ये दुसरी लाट आली, पुन्हा निर्बंध. बाहेरून कुणी येईना. छप्पर उघडं, वळीव तोंडावर. गावातल्या पोरांनीच रिपा मारल्या आणि कौलं हातोहात वर दिली. त्या घाईत फुटकी किती चढली हे पहिल्या पावसात कळलं. वायरिंग मात्र मी घाईत करू दिलं नाही. लाकडावरची जुनी उघडी वायर काढून सगळी लोखंडी नळीतून घेतली. आतेभावाला तो खर्च फुकटचा वाटला होता. पुढं ८ ऑगस्ट २०२४च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह पेटलं. शाहू महाराजांच्या काळातलं, १९१५ सालचं ते थिएटर. खासबागेकडून ज्वाळा दिसत होत्या आणि बघणारी माणसं रडत होती. दुसऱ्या दिवशी आतेभावाचा फोन आला. नळीचं काम करणाऱ्याचा नंबर मागत होता.

एकूण खर्च अकरा लाख चाळीस हजार. स्लॅबचा अंदाज एकवीस लाखांचा होता. अण्णांनी आपल्या वाट्याचे दोन लाख काही न बोलता आणून दिले.

आई जूनमध्ये राहायला आली. फरशी नको, शेणानंच सारवीन म्हणाली, आणि सारवलं. २२ जुलैला पाऊस लागला तो थांबेना. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट. २०१९ला पाणी ५५च्या वर गेलं होतं आणि २०२१ला पुन्हा ५५च्या पुढं चाललं होतं. मी शहरातच अडकलो. आई आसऱ्याला शाळेत. दोन दिवस आमच्या सोप्यात पाणी होतं.

पाणी ओसरल्यावर पोचलो तेव्हा तात्या आधीच येऊन बसले होते, नातवाच्या मोटरसायकलवर मागं बसून, भुदरगडाहून. हातात लाकडी मोगरी. एकेका पावलावर ठोकत, कान लावत त्यांची फेरी चालू होती, देवघराच्या कोपऱ्यापासून, उजवीकडून. दगडी थरावर पाण्याची रेघ होती, अडीच फुटांवर. वरच्या मातीला पाणी शिवलं नव्हतं. मोरीचा सिमेंटचा कोबा तेवढा मी तात्यांना न सांगता ठेवला होता, तो मधोमध तडकला होता. त्यांनी तो बघितला, माझ्याकडं बघितलं आणि चहा मागितला.

पंचनाम्याला या खेपेस दुसरे भाऊसाहेब होते. घरासमोर थांबले, भिंती मोजल्या, 'नुकसान नाही' लिहिलं आणि पुढं गेले.

त्यानंतर ग्रामपंचायतीची आकारणी झाली. नमुना ८वर आमचं घर आजवर 'दगड, विटा व मातीची इमारत' होतं. आता चुना दिसल्यामुळं ते वरच्या वर्गात, चुना-सिमेंटच्या इमारतींत गेलं आणि घरपट्टी वाढली. मी क्लार्कला विचारलं, लाकडाचं काही लिहायचं नाही का? त्यानं फॉर्म माझ्याकडं फिरवला. झोपडी, माती, दगड, विटा, चुना, सिमेंट, आरसीसी. बोटानं सगळे वर्ग दाखवले आणि विचारलं, "सांगा, कुठं लिहू?"

पावती घेऊन घरी आलो. आईनं आकडा वाचला. "पक्कं झालो म्हणायचं," म्हणाली, आणि पावती घडी करून खांब आणि भिंत यांच्यामधल्या दोन बोटांच्या फटीत खोचून ठेवली.